खांद्यावरची गौरा

तीन महिने झाले तरी गौरा उभी राहीना, तेव्हा माझा पारा चढला.

मी विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. गौरा अडीच वर्षांची, माण तालुक्यातल्या मेंढपाळाची नात. तिचे आजोबा, तात्या, दर पंधरवड्याला एसटीने तिला घेऊन यायचे. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा पट्टा तिच्यात जन्मतःच तयार झालेला नाही, हे एमआरआयमध्ये दिसलं होतं. म्हणून बसणं, चालणं, बोलणं सगळंच उशिरा. आम्ही याला डेव्हलपमेंटल डिले म्हणतो. पट्टा नव्याने येत नाही, पण सरावाने पुष्कळ मुलं चालतात. गौराच्या पायांत ताकदही होती. तरी दर खेपेला पहिले पाढे पंचावन्न.

व्यायाम घेता का विचारलं, की तात्या नुसती मान डोलवायचे. त्या दिवशी मी फटकन विचारलं, ही दिवसभर असते कुठे?

"माज्या खांद्यावर," तात्या म्हणाले. "खाली ठिवायची न्हाई, आसं घरात ठरलंय."

"का?"

"आवं म्याडम, तुमीच सांगितलं न्हवं, डोस्क्याचे दोन भाग जोडल्यालं न्हाईत. आदळली तर सुटं हुतील की."

पहिल्या दिवशी फिल्म उजेडात धरून मोठ्या ऐटीत मीच ते समजावलं होतं. पडल्याने काही सुटत नाही, एवढंच सांगायचं राहिलं होतं. मला फार लाज वाटली. आता सांगितलं, तर तात्यांना पटेना. मग मी विचारलं, अशक्त कोकरू उभं राहीना, तर काय करता?

"पोटाखाली हात द्यायचा, उभं करायचं. पडलं की परत. उचलूनच हिंडवलं तर त्ये कवाच..."

तात्यांनी गौराकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच तिला मॅटवर ठेवलं.

मीही घरचा व्यायाम बदलला. कोकरं कोंडतात त्या काटक्यांच्या कुडाला धरून तिला रोज उभी करायची. आत कोकरं, बाहेर गौरा.

पाच महिन्यांनी तात्या आत आले, ते रिकाम्या खांद्याने. गौरा कुठे, म्हणून मी खुर्चीतून उठले. मागून दाराची चौकट धरून गौरा आली. तिने चौकट सोडली, सहा पावलं टाकली आणि धप्पकन बसली. कुणीच उचलायला धावलं नाही. ती आपली आपण उठली. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

"दोन टेंगळं आली मधी," तात्या ऐटीत म्हणाले. "डोस्कं शाबूत हाय."

आता रिपोर्ट समजावून झाला, की मी घरच्यांना विचारते, यावर घरी जाऊन काय करणार? त्यांचं उत्तर ऐकल्याशिवाय फाइल बंद करत नाही.