बंद मशीनची हजेरी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. घरी कुणी भुताखेतांचं बोलायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते. पण हे माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी घडलं... म्हणून लिहिते आहे.

मी अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सहकारी वानखडे सर आणि मी जुनी मशीन्स वायरींनी जोडून त्यांच्याकडून एकच मोठं गणित करून घेत होतो – पूर्णेच्या खोऱ्यात पुराचं पाणी कसं पसरेल, याचं. प्रत्येक मशीन आपला तुकडा सोडवतं आणि उत्तराचा मेसेज दुसऱ्याला पाठवतं. मेसेजवर पाठवणाऱ्याचा नंबर असतो. सुरुवातीला प्रत्येकाने मुख्य मशीनला एकदा ‘हजर’ कळवायचं – ही सरांची हौस.

पाच नंबरचं मशीन सरांचं स्वतःचं, अकोल्याच्या घरून आणलेलं. त्याचा पॉवर सप्लाय जळाला होता. सगळ्या वायरी काढून ते टेबलावर उघडं पडलं होतं. सर त्या दिवशी रजेवर, अकोल्यालाच. पाच नंबर वगळून मी प्रोग्रॅम सुरू केला.

थोड्या वेळाने काम अडकलं. स्क्रीनवर ओळ आली – ‘पाचकडून: हजर’. मग पुन्हा तीच. मग ओळीमागून ओळ...

लॅब असिस्टंट इंगळेभाऊ माझ्या मागेच उभे होते. “मॅडम, पाच तं बंद हाय न?”

“बंदच आहे.”

“मंग हे कोन पाठवून राहिलं?”

मी प्रोग्रॅम थांबवून पुन्हा सुरू केला. पहिलीच ओळ – पाचकडून. कूलर चालू असूनही मला दरदरून घाम फुटला. भाऊंनी त्या उघड्या मशीनच्या पंख्याला बोट लावून पाहिलं. पातं हललंही नव्हतं.

वाटलं, सरांनाच विचारावं, एखादं सेटिंग राहिलं असेल. फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा... सर फोन न उचलणारे नाहीत. ते शुगरसाठी इन्सुलिन घेतात, हे आठवलं.

त्यांच्या पत्नीला, वर्षावहिनींना, फोन लावला. त्या तेल्हाऱ्याला माहेरी होत्या.

“वहिनी, सर फोन उचलत नाहीयेत.”

“झोपले असतीन. काहून, काय झालं?”

काय सांगणार? बंद कॉम्प्युटर बोलतोय म्हणून? “कुणाला तरी घरी पाठवा. आत्ताच्या आत्ता. प्लीज!”

माझा आवाज ऐकून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली होती.

सर स्वयंपाकघरात बेशुद्ध पडलेले सापडले. इन्सुलिन घेतलं, जेवण राहून गेलं, शुगर एकदम उतरली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर... वहिनींचा पुन्हा फोन येईपर्यंत स्क्रीनकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. भाऊच म्हणाले, “थांबलं, मॅडम.”

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. मी काही सांगायच्या आतच सर म्हणाले, “मॅडम, मले सारखं वाटत होतं, मी लॅबमधेच बसलो हाव. मेसेज पाठवून राहिलो, अन् समोरून कोनी घेऊनच नाही राहिलं.”

नंतर आम्ही सगळं तपासलं. जुना मेसेज कुठेतरी अडकला असेल, नंबर चुकला असेल – एकही शंका टिकली नाही. नागपूरच्या एका जाणकारांनाही दाखवलं. त्यांनी खांदे उडवले. सर आता ठणठणीत आहेत, रोज कॉलेजला येतात. त्या दुपारचा विषय मात्र आम्ही दोघंही काढत नाही.

पण मला खरं तर झोप लागू देत नाही ती वेगळीच गोष्ट. डिस्चार्जच्या दिवशी वहिनींनी मला जिन्यात गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “मॅडम, मी तं सकाळपासून फोन हातातच घेऊन होती. त्यायचा मेसेज मले काहून नाही आला?”