सॉरीचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे कोशकाका म्हणायचे. इंग्रजीतून येऊन आपल्या तोंडी बसलेल्या शब्दांचं खातं त्यांच्याकडे. एका शब्दाला एक कार्ड: वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली मूळ आणि शेवटी वापराचं एक वाक्य. मूळ सापडेपर्यंत कार्ड खणात जायचं नाही, मग डबा गार होवो नाहीतर काकू फोन करून थकोत. शब्दाचा कीस पाडावा तर काकांनीच!

त्यांच्या एकुलत्या एका मुलीने घरी न सांगता लग्न केलं आणि महिन्याभराने पत्र पाठवलं. तीनच ओळी. शेवटची, 'सॉरी, बाबा.'

आता एखाद्या बापाने काय केलं असतं? चिडला असता, रडला असता, उठून तिच्याकडे गेला असता. आमच्या काकांनी कार्ड काढलं! वर तिला चार पानी उत्तर धाडलं. सॉरीचं मूळ जुन्या इंग्रजीत, दुखण्याच्या शब्दात. म्हणजे ज्याला आतून दुखतंय, तो सॉरी. माफी मागायला हा शब्द पुढे कधीतरी जुंपला गेला, आणि हल्ली तर रस्त्यात धक्का लागला तरी लोक म्हणतात. तुझं सॉरी यातलं कुठलं, ते कळव.

तिने काही कळवलं नाही. अकरा वर्षं झाली. नात झाल्याचंसुद्धा काकांना काकूंकडून कळलं.

निवृत्तीच्या दिवशी खण आवरताना ते कार्ड हाती आलं. वापराच्या जागी त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'सॉरी, बाबा.' काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला दुखत होतं हो, आणि हा शहाणा तिला अर्थ विचारत बसला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तिच्या दारात उभे राहिले. वाटभर एकच शब्द घोकला होता. तिने दार उघडलं आणि काकांच्या तोंडून निघालं, "सॉरीचं मूळ असं आहे बघ..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चार पानं आहेत माझ्याकडे."



आतून नातीचा आवाज आला, "आई, कोण आलंय गं?"

मुलीने दारावरचा हात काढला नाही.

"शब्दकोशाच्या ऑफिसातले काका आहेत."