स्वेटरकाकांचा पहिला प्रश्न

मलकापुरात भर मे महिन्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून चहाच्या टपरीवर उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला. लोक घाम पुसत त्यांच्याकडे बघायचे आणि ते निवांत बशीत चहा ओतायचे. आमच्या बियाणे कंपनीच्या मुख्य कार्यालयात सर्व्हरची खोली होती. साऱ्या इमारतीत एसी तेवढ्या एका खोलीला. ते दिवसभर आत असत. एका चहासाठी स्वेटर काढायचा आणि परत घालायचा त्यांना कंटाळा. खरं नाव पगारपत्रकावर असेल, आम्ही सगळे त्यांना स्वेटरकाका म्हणायचो.

उन्हाळ्यात त्या खोलीत शिरायला प्रत्येकाला काहीतरी निमित्त सापडायचं. हिशेबनीस तर उगाच प्रिंटरची खुशाली विचारायला येत. काका मान न वळवता म्हणत, "काम असन तर सांगा. हवा खायले आले असान तर दार लावून घ्या. बाहेरून."

दुसऱ्याच्या कीबोर्डला मात्र ते कधी हात लावत नसत. मी बी.एस्सी. होऊन तिथे शिकायला लागले, तेव्हा शेजारी हाताची घडी घालून बसायचे. मी चुकायची, ते बघत राहायचे. "मी केलं तर माह्या हाताले येईन. तुह्या हाताले कधी येईन?" आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. आईबाबा दुसऱ्याच्या शेतात राबले आणि मी पदवी घेतली, हे मी तेव्हाही ताठ मानेनं सांगायची, आजही सांगते. काकांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "लय चांगलं केलं पोरी. आता हे उघडत काऊन नाही, ते सांग."

आणि काहीही उघडलं नाही, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तू कोण म्हणून आत गेली?" म्हणजे मशीनमध्ये कोणाच्या नावानं शिरली. वायर, मशीन, लाईन, सगळं त्याच्या नंतर. कपाट तेच असतं, म्हणायचे, पण ते माणूस पाहून उघडतं.

या प्रश्नाची किंमत मला धाड गावात कळली. तिथल्या शाखेत मला तात्पुरतं घेतलं होतं. बसायचं धाडला, फोनलाईनवरून मलकापूरच्या मशीनमध्ये शिरायचं, आणि तिथून आणखी पुढच्या मशीनवरच्या सामाईक फोल्डरमधून बियाण्याच्या उगवण-चाचणीचा अहवाल काढायचा. अहवाल हातात आल्याशिवाय गाडी गोदामाबाहेर जात नसे. शाखेतला रिवाज असा, की सगळ्यांनी शाखाधिकारी साहेबांच्याच नावानं आत जायचं. साहेबांच्या नावाला कोण अडवणार? मशीनमध्ये माझं नाव घालायला साहेबांनी मलकापूरला कळवलंच नव्हतं. "पोरगी टिकते का ते तं पाहू," म्हणाले होते.

पेरणी तोंडावर आली होती. लोणारची गाडी भरून उभी. मी सकाळपासून साहेबांच्या नावानं आत होते. दुपारी फोल्डर उघडायला गेले, तर परवानगी नाही. पुन्हा पुन्हा तेच. ड्रायव्हर दारात येऊन घड्याळ बघून गेला. साहेब म्हणाले, "गाडी आज सुटली नाही तं उद्या यायची तसदी घेऊ नको."

मी काकांना फोन लावला.

"तू कोण म्हणून आत गेली?"

"साहेब म्हणून."

"अन् साहेब?"

"ते पण साहेब म्हणूनच."

काकांना तेवढं पुरलं. मग म्हणाले, "साहेबायले विचार, आज पासवर्ड बदलला का?"

साहेबांनी जेवणाच्या आधी आपल्या टेबलावर बसून तो बदलला होता. मी आत होते ती जुन्या पासवर्डवर. तोच पुढच्या मशीनपुढे धरत राहिले, आणि चुकीचा पासवर्ड इतक्यांदा आल्यावर त्या मशीननं साहेबांचं नावच कुलूपबंद करून टाकलं.

साहेबांनी फोन ओढून घेतला. "काका, तेवढं कुलूप काढून द्या. बाकी मंग पाहू."

"आज काढलं तं परवा पुन्हा बसन. पोरीचं नाव घालतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

"ती तात्पुरती आहे हो."

"गाडी तं तात्पुरती नाही ना, साहेब? नाही सुटली तं माह्या नावावर घाला."

साहेबांनी दाराबाहेरच्या गाडीकडे पाहिलं. "घाला," म्हणाले.

काकांनी नाव घातलं. मी बाहेर पडून माझ्या नावानं पुन्हा आत गेले. आता ज्यातून सामाईक फोल्डर उघडायचा, तो Z ड्राइव्हच दिसेना. "ते साहेबायच्या नावानं आत असेपर्यंतचं फोल्डरचं टोपणनाव होतं," काका म्हणाले, "फोल्डरचा पूर्ण पत्ता टाक." टाकला. फोल्डर दिसला, अहवाल उघडेना. "हाव, फाटक उघडलं, खोली राह्यली. थांब." त्यांनी आतली परवानगीही माझ्या नावाला दिली, आणि अहवाल उघडला. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझं नाव होतं, बाबांच्या आडनावासकट.

गाडी सुटली. संध्याकाळी निघताना साहेब एवढंच म्हणाले, "उद्या लवकर ये. मेहकरची गाडी आहे."

पुढे काही वर्षांनी काकांच्या जागेवर मलाच मलकापूरला बोलावलं. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी बाहेर सत्काराच्या खुर्च्या लागत होत्या, आणि ते आत माझ्या शेजारी येऊन बसले. हाताची घडी घातली.

"तू कोण म्हणून आत गेली?"

"मी म्हणून, काका."

"मंग माह्यं नाव काढ."

मी म्हटलं, राहू द्या की, कोणाला काय त्रास आहे? ते म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या नावानं दार उघडं ठेवू नये." मी नाव काढलं. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझा कीबोर्ड आपल्याकडे ओढला, स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. प्रवेश नाही.

"बराबर चालून राह्यलं," ते म्हणाले. कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला, स्वेटर काढून त्याची नीट घडी केली, आणि अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, दार लावून घेत, बाहेरच्या उन्हात गेले.