कडुलिंबापर्यंत

हे मी आजवर कोणालाच बोललो नाही. बायकोला तर नाहीच— आणि तिला सांगणार तरी काय? तिनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

माझी बायको शोभा लठ्ठ आहे. वजनापायी गुडघे दुखायला लागले, त्यात शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तिनं भात कमी केला, जुन्या जालन्यातून बूट आणले, आणि साडीवरच ते घालून सकाळी माझ्याबरोबर मैदानावर यायला लागली. बरोबर म्हणजे— फाटकापर्यंत. आत शिरलो की मी म्हणायचो, "तू हळू चाल, मी पुढं होतो." माझा वेग जास्त म्हणून? नाही. लोकांनी आम्हाला जोडीनं पाहू नये म्हणून.

पण सांगायचंय ते हेही नाही.

एका सकाळी घरी परतताना तिचा चेहरा खुलला होता. "अहो, आज त्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत न थांबता गेले!" मी काही चांगलं बोललो का? आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच झाडाखाली भानुदासशी बोलत उभा होतो. हा खताचा दुकानदार नवीनच ओळखीचा. शोभा माझी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती येताना दिसली तसा तो म्हणाला, "ते बघा भाऊ, मैदान बराबर करायला रोलर आला."

माझी बायको आहे ती— एवढंच म्हणायचं होतं. निदान गप्प तरी बसायचं? मी हसलो. आणि वर म्हणालो, "चला, म्हणजे रोलरचा खर्चा वाचला!"

वळून पाहिलं तर ती थांबली होती. झाड जवळच होतं, चार पावलांवर. तिथूनच ती माघारी फिरली.

बूट तेव्हापासून पलंगाखाली आहेत. शुगर वाढत गेली. आता जिना चढतानाही तिला मध्येच बसावं लागतं. आणि मी? पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरलो— आळशी आहे, ऐकतच नाही.

परवा डॉक्टरांनी तिला विचारलं, चालणं का सोडलं? ती बोलायच्या आत मीच म्हणालो, "कंटाळा करते हो."

शोभानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो साहेब, मलाच जमून न्हाई राह्यलं," म्हणाली.

मी मान डोलावली. आज सकाळीही मैदानावर जाऊन आलो— कडुलिंबाला वळसा घालून.