थप्पीखालचा डबा

मंडळी, आज पोटात दुखतंय, आणि ते खाण्यामुळं नाही.

मी श्रीरामपूरजवळच्या एका गोदामात कारकून आहे. पोत्यांच्या थप्प्या पार पत्र्याला टेकवू नका, एखादी कोसळली तर माणूस जाईल, असे अर्ज मी दोन वर्षं देतोय. मॅनेजरसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "बघू."

आज दुपारी पोती शिवणाऱ्या, पाथर्डीकडच्या सुनीताताईंनी त्यांना हाक मारली. "सायेब, आज आमच्यासंगं जेवा की."

साहेब बसले. दुसऱ्या घासाला वर पाहिलं, तर थप्पीचं वरचं पोतं बाहेर झुकलेलं.

"तुम्ही इथं जेवता?"

"रोजच. दुसरी जागा कुठं हाय?"

हात धुवायच्या आधीच साहेबांनी थप्प्या निम्म्यावर आणायला सांगितल्या.

सगळ्यांनी ताईंसाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दातओठ खात. येऊन सहा महिने नाही झाले बाईंना! माझ्या अर्जांची कुणाला आठवणसुद्धा नाही.

तेव्हापासून नुसता जळतोय. पण खरं सांगू? दोन वर्षांत मी त्या थप्पीखाली एकदाही डबा उघडला नाही. मी ऑफिसात पंख्याखाली जेवतो.

उद्या जाऊन बसू का त्यांच्यात? की आता थप्पी उतरल्यावर बसायलाही लाज वाटायला हवी?