मधली शांतता

सुमाताईला पाठवायचा आईचा निरोप पडद्यावर पसरला होता: ओळीच्या ओळी, अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं नि आकडे. आवाज साध्या मजकुरासारखा पाठवता यावा, म्हणून मी संगणकाच्या सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहितोय. त्या अक्षरांचा पुन्हा आवाज केला. “सुमे, लोणचं मुरलंय गं, तू...” आणि पुढे काहीच नाही.

“एवढंच बोलले होय रे मी?” आई खाटेवरून म्हणाली.

आवाजाची लांबी मी मजकुराची मोजतात तशी मोजली होती. सीमध्ये शून्य आलं की मजकूर संपला असं धरतात, आणि रेकॉर्डिंगमधली शांतता म्हणजे नुसती शून्यं. आई दम घ्यायला थांबली आणि प्रोग्रॅमला वाटलं, संपलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. तरी ती टाइप करता करता मी थांबलो. हल्ली आई बोलता बोलता फार वेळ थांबते.

आता निरोप पूर्ण वाजला: “...तू कधी येतेस?” तिला ऐकवायला वळलो, तर तिचे डोळे मिटलेले. छातीवरचा पदर हलतोय का, ते बघत राहिलो. शांतता मधली आहे की शेवटची, हे पुढचा श्वास आल्याशिवाय कळत नाही.