फुरंगटाचं मनगट

माझी मावशी तेवीस वर्षं गाढव होती. हे मी म्हणत नाही. कुणी काम विचारलं की ती स्वतःच असं सांगायची आणि समोरच्याचा चेहरा बघत बसायची.

टीव्हीवर रोज संध्याकाळी मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. त्यात फुरंगट नावाचं गाढवाचं बाहुलं होतं. ते कशावरून तरी रुसायचं, कान पाडून कोपऱ्यात बसायचं आणि शेवटी पडद्यातून थेट मुलांकडे बघून विचारायचं, "तू तरी सांग, माझं काय चुकलं?" घरोघरची पोरं उत्तरं द्यायची. त्या गाढवात मावशीचा उजवा हात असायचा. बाकीची मावशी टेबलाखाली, उकिडवी. आजोबा गेल्यावर त्यांच्या राखाडी कोटाचं तिनं ते शिवलं होतं. लग्न केलं नाही, आमच्याकडेच पुढच्या खोलीत राहिली. आई म्हणायची, हिचा संसार मनगटापाशी सुरू होतो आणि बोटांपाशी संपतो.

मग ती वाहिनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. नवे साहेब आले. त्यांनी मावशीला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं, गुडघ्यांची चौकशी केली आणि म्हणाले, "आता दुसरं कुणीतरी बघू या. तुम्ही दमलात."

"मी कुठं म्हटलं दमले म्हणून?"

साहेबांनी एक जुना कागद पुढे सरकवला. पंचविसाव्या वर्षी, काम मिळाल्याच्या आनंदात, मावशीनं न वाचता सही केली होती. बाहुलं, त्याचं नाव, त्याची बोलायची ढब, सगळं वाहिनीचं. म्हणजे आता कंपनीचं.

"हात तेवढा तुमचा," साहेब म्हणाले आणि हसले. ती निघताना म्हणाले, "नव्या बाईंना महिनाभर शिकवा. मग छानसा निरोप समारंभ करू."

ते हसू मावशीच्या डोक्यात बसलं. घरी येऊन तिनं चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि आईला म्हणाली, "शिकवते. असं शिकवते की त्यांच्या कायम लक्षात राहील." आईला वाटलं, बरं झालं, समजुतीनं घेतलं.

नव्या बाई तिशीच्या आतल्या. आधी बालवाडीत शिकवायच्या. पहिल्या दिवशी नवी कोरी वही घेऊन आल्या. "ताई, मी याला बघतच मोठी झाले," त्या म्हणाल्या. "एकदा तर 'तुझं काही नाही चुकलं' असं ओरडून रडले होते."

मावशी म्हणाली, "हात वर करा."

तिनं मनापासून शिकवलं. कान कसे पाडायचे, रुसताना श्वास कुठं घ्यायचा, आवाज नाकातून कसा काढायचा. एकच गोष्ट उलटी शिकवली. बाहुल्याचे डोळे हलत नाहीत. मनगट वळेल तिकडं त्याची नजर जाते. समोरच्या मुलाकडे बघायचं तर मनगट पुढं किंचित झुकलेलं लागतं. ताठ धरलं की नजर मुलाच्या डोक्यावरून पार मागे जाते. मोठ्या माणसांना ते कळतही नाही.

"मनगट ताठ," मावशीनं सांगितलं. "आणि टेबलाखालच्या मॉनिटरच्या पडद्याकडे सारखं बघायचं नाही. हात बिघडतो."

नव्या बाईंनी ते वहीत लिहून खाली रेघ मारली.

हे मला मागाहून मावशीनंच सांगितलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं, की नोकरी गेलेली बाई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसते आणि तिचा चेहरा खुलतो. शेजारची छोटी आमच्याकडे बघायला यायची. आठवडाभरानं ती उठूनच गेली. "फुरंगट आता भिंतीशी बोलतो," म्हणाली. मावशीनं तिला दोन बिस्किटं दिली.

जुन्या कॅमेरामनचा फोन आला. "बाई, ते मनगट..."

"कसलं मनगट?"

त्यालाही साहेबांनी 'तुम्ही दमलात' ऐकवलं होतं. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

पोरं एकेक करून पांगली. मुलांची पत्रं बंद झाली. कंपनीत बैठका झाल्या. गाढवाचा रंग बदलला, टोपी घातली, गाणं बदललं. मावशीला दरेक बदलाची बातमी मिळायची आणि ती जेवताना एक पोळी जास्त घ्यायची. पाचव्या महिन्यात कंपनीनं दोष ठरवला आणि नव्या बाईंना काढून टाकलं.

त्याच दुपारी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात तीच वही.

"ताई, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. माझं कुठं चुकलं ते तेवढं दाखवा. नोकरीसाठी नाही विचारत. मला कळायला हवं."

मावशीनं त्यांना कपाटाच्या आरशासमोर नेलं, हात वर करायला लावला, आपला एक पायमोजा त्यांच्या हातावर चढवला आणि दोन बोटांनी मनगट पुढं झुकवलं. मोज्यातला हात आरशातून त्यांच्याकडे बघायला लागला.

नव्या बाईंनी हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी मोजा काढून घडी करून पलंगावर ठेवला. वही मात्र नेली नाही.

पुढच्याच आठवड्यात साहेब स्वतः आले. मावशीनं त्यांना दारातच उभं ठेवलं. परत या, म्हणाले, वाटेल ती वेळ ठरवा.

"आधी लिहून द्या, की त्या बाईंचा काही दोष नव्हता."

"मग कुणाचा होता?"

"माझा. मी त्यांना मुद्दाम चुकीचं शिकवलं. तुमच्या मालकीचं गाढव मी तुमच्या डोळ्यांदेखत मारलं, आणि तुम्ही त्याला टोप्या घालत बसलात."

साहेब लालबुंद झाले. कोर्टात खेचीन म्हणाले. पण कोर्टाचा कागद काही आला नाही. मनगटावर खटला कसा भरायचा, हे त्यांच्या वकिलालाही सुचलं नसेल. कार्यक्रम बंद पडला. बाहुलं त्यांच्या कपाटात आहे. ते मागायला मावशी गेली नाही.

ती गेली बालवाडीत. नव्या बाई पुन्हा तिथं लागल्या होत्या. मी सोबत होते. बाई फाटकापर्यंत आल्या, मावशीच्या हातातून वही घेतली. मावशी म्हणाली, "माझा राग तुमच्यावर नव्हता."

"काढला मात्र माझ्यावर," त्या म्हणाल्या. "आत मुलं आहेत. तुम्ही जा." आणि फाटक लावून घेतलं.

परतताना मी म्हटलं, "जरा जास्तच तोडून बोलल्या."

"तोडून कसलं?" मावशी म्हणाली. "स्वस्तात सोडलं तिनं. मी असते तर आधी आत घेतलं असतं, मग फाटक लावलं असतं."